सीलं डब्यात, खाचा मस्कतला

इंजिन, पंप, होडी, गाडी, जे काय फिरतं त्याबद्दल वाचक विचारतात आणि मी रत्नागिरीत बसून जमेल तसं उत्तर देतो. या वेळी तीन पत्रं घेतलीयत, तिन्ही सीलचीच आहेत, म्हणजे गॅस, पाणी किंवा ऑइल निसटू नये म्हणून बसवलेल्या पट्ट्या-रिंगांची. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण प्रश्नच तसा आहे आणि त्यात चूक झाली की पूर्ण इंजिन परत खोलावं लागतं.

प्रश्न: काका नमस्कार. मी शृंगारतळीचा, मस्कतला नोकरीला आहे, गणपतीसाठी घरी आलोय. तिकडे माझ्याकडे जुनी माझदा आरएक्स-८ आहे, रोटरी इंजिनवाली, १ लाख १० हजार किमी झालेत. थंड असताना स्टार्ट व्हायची पण गरम झाली की नुसता स्टार्टर फिरत राहायचा. कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनच्या आतला दाब कमी आहे म्हणून सांगितलं. मग मी आणि रूममेटने दोन शुक्रवार घालवून इंजिन खोललं. पूर्ण नवीन सील किट खूप महाग पडतंय. रूममेट म्हणतो सीलं लोखंडाची आहेत, साफ करून परत घाल, स्प्रिंगखाली पातळ पत्रा टाक म्हणजे दाब वाढेल. मी सगळी सीलं एका डब्यात घालून सोबत आणलीयत, चिपळूणला ओळखीचा लेथवाला आहे त्याच्याकडून मायक्रोमीटरने मोजून घेणार आहे. कुठली परत चालतील आणि कुठली नाही ते सांगा. नाव छापू नका.

उत्तर: अरे सगळ्यात आधी एक काम कर. हे वाचून झालं की तो डबा उघड, सीलं इंजिन ऑइलमध्ये बुडवून काढ आणि झिपच्या पिशवीत ठेव. भाद्रपदातली आपली हवा कशी असते तुला माहितीये, एपेक्स म्हणजे टोकाचं सील बिडाचं असतं, चार दिवसात त्याच्यावर तांबूस पूड धरते आणि मग मोजलेलं माप झिजेचं आहे की गंजाचं तेच कळत नाही.

आता मुद्द्याचं. तू सीलं आणलीस पण रोटर म्हणजे आत फिरणारा भाग आणि हाऊसिंग म्हणजे त्याच्याभोवतीची पेटी तिकडेच राहिले, म्हणजे निम्मं इंजिनच मोजायला आलंय. सील कधीच एकटं झिजत नाही रे, ते ज्या खाचेत बसतं ती खाच आणि ज्या भिंतीवर घासतं ती भिंत, अशी तिन्ही मिळून झिजतात. लेथवाला तुला सीलची उंची आणि जाडी अगदी बरोबर सांगेल पण सील खाचेत किती डुगडुगतंय ते त्याला चिपळूणात बसून दिसणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण आपल्याकडे हे इंजिन बघायलाच मिळत नाही. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. कमरेत थोड्या दबलेल्या अंड्यासारखं हाऊसिंग, त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन पट्ट्या, त्या एपेक्स सील. दोन्ही बाजूंच्या चपट्या तोंडांवर वाकड्या बारीक पट्ट्या, त्या साईड सील, एका रोटरला सहा. आणि जिथे एपेक्स आणि साईड भेटतात तिथे गोल बटणासारखी कॉर्नर सीलं, ती पण सहा. याच्या गाडीत रोटर दोन, म्हणजे ६ एपेक्स, १२ साईड, १२ कॉर्नर, आणि ऑइल वर येऊ नये म्हणून रोटरच्या दोन्ही तोंडांवर ऑइल सीलच्या रिंगा वेगळ्या. पिस्टनच्या इंजिनात एक गोल रिंग जे काम करते ते इथे एवढ्या तुकड्यांची साखळी करते आणि साखळीत जिथे जोड तिथे गळती.

हे दुखणं इंजिनच्या जन्मापासूनचं आहे. १९६७ ला जर्मनीच्या एनएसयू ने आरओ ८० काढली, १९६८ ला ती युरोपात कार ऑफ द इयर झाली आणि ह्याच टोकाच्या सीलांपायी कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून बदलून टेकीला आली, १९६९ ला फोक्सवॅगनकडे गेली. माझदाच्या लोकांनाही हाऊसिंगच्या आत आडव्या लाटा पडलेल्या दिसायच्या, सील थरथरत घासल्याच्या, त्याला ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. त्यातून वाट काढून त्यांनी १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. जगातले हुशार इंजिनियर ज्या पट्टीवर वर्षानुवर्षं अडकले ती आपण नुसती डोळ्याने बघून "चांगली दिसतेय" म्हणायची, हे मला पटत नाही.

आता रूममेटच्या पत्र्याच्या आयडियाबद्दल. ते अजिबात करू नका. एपेक्स सीलखालच्या स्प्रिंगचं खरं काम स्टार्ट करतानाचं, कमी स्पीडचं. इंजिन चालू झालं की जळत्या गॅसचा दाब खाचेत सीलच्या पाठीमागे शिरतो आणि तोच सीलला भिंतीवर दाबून धरतो. म्हणून खाचेत ठराविक फट लागतेच, फार घट्ट असेल तर गॅस मागे जात नाही आणि फार सैल असेल तर सील तिरकं होतं, थरथरतं आणि भिंत खरवडतं. पत्रा टाकून तू फक्त घासणं वाढवशील, झिजलेली खाच काय पत्र्याने भरून येत नाही. स्प्रिंग हाताने ताणून उंच करणारेही बघितलेत मी, ती उंची पहिल्या दोन-तीन वेळा गरम होईपर्यंत टिकते.

तुझी गाडी गरम झाल्यावर स्टार्ट होत नव्हती ते याच्यामुळेच, स्टार्टर फिरवतो तेव्हा सगळं पट्टी आणि स्प्रिंगवर असतं, त्यात ऑइल गरम होऊन पातळ झालेलं, मग गॅस निसटतो. कॉम्प्रेशन नक्की किती आलं ते तू लिहिलं नाहीस. साध्या गेजने घेतलं असेल तर ते धरू नको, साधं गेज रोटरच्या तीन फुगीर बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा दाखवून तिथेच थांबतं. रोटरीचं गेज वेगळं असतं, तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देतं आणि सोबत आरपीएम पण बघावा लागतो, कारण मापं २५० आरपीएमची दिलेली असतात. आता इंजिन खोललंयस म्हणजे ते राहिलं, पण बांधून झालं की असंच माप घे.

बरं, एकेक घेऊ.

रबर जे जे आहे ते सगळं नवीन. पाण्याची सीलं म्हणजे हाऊसिंगच्या थरांमधल्या गोल रबरी दोऱ्या, ऑइल सीलखालच्या ओ-रिंगा, गॅस्केट, यात मोजण्यासारखं काही नाही आणि दयामाया पण नाही. उष्णतेने ती चपटी आणि कडक होऊन बसलेली असतात, काढली की परत फुगत नाहीत. पाण्याचं एक सील लीक झालं तर पाणी आत, पांढरा धूर, आणि परत ते लांबलचक टेन्शन बोल्ट सोडून सगळे थर वेगळे करायचे. स्प्रिंगा पण सगळ्या नवीन, एपेक्सच्या, साईडच्या, कॉर्नरच्या. पूर्ण किटच्या हिशेबात स्प्रिंगांचे पैसे काहीच नाहीत.

ऑइल सीलच्या लोखंडी रिंगा परत चालू शकतात. तिची जी धार हाऊसिंगवर घासते ती झिजत झिजत रुंद होते. त्या चकाकणाऱ्या रेघेची रुंदी बघ, अर्ध्या मिमीच्या आत असेल आणि कुठे ओरखडा नसेल तर नवीन ओ-रिंग घालून खुशाल वापर, माझं हेच मत आहे आणि पैसे इथे वाचतात. कॉर्नर सीलं पण बऱ्याचदा वाचतात, फक्त ती आपल्या भोकात हलता कामा नयेत आणि दाबून सोडली की स्प्रिंगवर सहज वर आली पाहिजेत.

एपेक्स सील. उंची मधोमध आणि दोन्ही टोकांना अशी तीन ठिकाणी मोजायला सांग, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, आणि काचेवर उभं ठेवून वाकलंय का बघ. इथे एक घोळ लोक नेहमी करतात तो तू करू नको. जुन्या आरएक्स-७ च्या २ मिमी जाडीच्या सीलची नवीन उंची ८ मिमी आणि ६.५ च्या खाली गेलं की बाद, हे आकडे सगळ्यांच्या तोंडात असतात. पण तुझ्या आरएक्स-८ चं सील मुळातच बुटकं आहे, ते ८ च्या आकड्याशी ताडलंस तर नवं कोरं सील पण तुला झिजलेलं वाटेल. तुझ्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच आकडा घे. आणि उंची पास झाली तरी माझ्या मते १ लाख १० हजार चाललेली एपेक्स सीलं परत घालू नयेत. त्यांचा माथा इलेक्ट्रॉन बीमने कडक केलेला असतो, त्यातला किती उरलाय ते मायक्रोमीटर सांगत नाही.

साईड सील. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण तुझ्या गाडीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक यालाच सगळ्यात हलक्यात घेतात. जुन्या रोटरीत धूर बाहेर जायचं भोक हाऊसिंगच्या परिघावर असायचं, आरएक्स-८ मध्ये ते बाजूच्या प्लेटवर आणलं. म्हणजे साईड सील त्या गरम भोकावरून रोज लाखो वेळा सरकतं, कार्बन पण तिथेच साठतो आणि सील खाचेत चिकटून बसतं. चिकटलेलं सील झिजलेलं नसलं तरी मेलेलंच. दुसरं म्हणजे साईड सीलचं टोक आणि कॉर्नर सील यांच्यातली फट. ती ०.०५ ते ०.१५ मिमी असावी लागते, ०.४० च्या पुढे गेली की बाद. नवीन साईड सील मुद्दाम किंचित लांब येतं, मग प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खाचेत बसवून टोक हळूहळू घासून ही फट आणायची, एका टोकाला कॉर्नर सीलला भिडवायचं आणि दुसऱ्या टोकाला फिलर गेज म्हणजे फट मोजायचं पातळ पातं घालून बघायचं. बारा सीलांना बारा वेळा. कंटाळवाणं काम आहे पण इंजिनचा जीव यात आहे.

आणि म्हणूनच तुझा डबा वाचून मला वाईट वाटलं. सगळी सीलं एकत्र टाकलीस म्हणजे कुठलं कुठल्या खाचेतलं ते गेलं. आपल्याकडे पावसाच्या आधी घर शाकारतात तेव्हा बघितलं असशील, जुनी कौलं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी बसून जमलेली असतात, उतरवताना त्यांची ओळ मोडली की तीच न फुटलेली कौलं दुसरीकडे ठेवून पहिल्या सरीला टपटप सुरू. तसंच हे. एकेक सील बारा खाचांत लावून बघत बसशील तर महिना जाईल आणि तरी जमेलच असं नाही. तेव्हा साईड सीलं बाराच्या बारा नवीन घे. पुढच्या वेळी अंड्यांचा ट्रे घे, प्रत्येक खळग्यात एक सील आणि त्याची चिठ्ठी, पुढचा रोटर की मागचा, कुठली बाजू, कुठलं टोक.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. रत्नागिरीला परत यायच्या आधी मी आखातातच एका गॅरेजमध्ये नऊ वर्षं होतो, तिथे अशा गाड्या यायच्या. एकदा गिऱ्हाईकाचे पैसे वाचावेत म्हणून मी एपेक्स नवीन घातली आणि साईड सीलं साफ करून परत, दिसायला झकास होती, टोकाची फट मोजली नाही. पहिल्या चावीला स्टार्ट झाली, गिऱ्हाईक खूश, मी खूश. तीन आठवड्यांनी गाडी टो होऊन परत आली, गरम झाल्यावर स्टार्ट नाही, तीच तक्रार. खोलून फिलर गेज घातलं तर बहुतेक ठिकाणी फट मर्यादेच्या बाहेर. नवीन सीलं माझ्या खिशातून, मजुरी माझी, आणि त्या माणसाचे दहा दिवस गाडीवाचून गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

तुझ्या इंजिनात कट-ऑफ सील म्हणून अजून एक असतं, बाजूच्या प्लेटवरूनच गॅस आणि हवा एकमेकांत मिसळू नये म्हणून, ते काढलंस का ते लिहिलं नाहीस. रोटरमध्ये अजून अडकलं असेल तर बघ, विसरू नको.

आता राहिल्या खाचा आणि भिंती, त्या मस्कतला गेल्यावर. रोटरची खाच साफ करायला जुन्या एपेक्स सीलचाच तुकडा धार करून वापर, मापाला तंतोतंत असतो आणि खाचेच्या कडा खरवडत नाही, जुन्या सीलचा याच्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही. मग नवीन सील घालून बाजूने फिलर गेज घालून बघ, ०.१५ मिमीचं पातं आत जायला लागलं तर रोटरची खाचच झिजलीय आणि नवीन सील पण तिथे डुगडुगणार. हाऊसिंगच्या आत क्रोमचा थर असतो, त्याच्यावर नख फिरव, प्लगच्या भोकाजवळ आणि कडांना क्रोमचे पापुद्रे निघाले असतील तर तिथे नवीन सील लावणं म्हणजे कानशीवर लावणं आहे, आधी हाऊसिंगचं बघावं लागेल. बाजूच्या प्लेटवर साईड सीलने पाडलेली पायरी नखाला लागते का तेही बघ. माझं सांगणं एवढंच की पूर्ण किटचे पैसे देण्याआधी ह्या तीन जागा बघून घे, मस्कतला फोन कर, रूममेटला व्हिडिओ कॉलवर त्या दाखवायला लाव, ऑर्डर त्याच्यानंतर दे. चिपळूणच्या लेथवाल्याकडे जाऊ नको असं नाही म्हणत, एपेक्सची उंची मोजून घे आणि ऑइल सीलच्या रिंगांची धार त्याच्या भिंगाखाली बघून घे, तेवढं काम त्याचं.

बांधताना सीलं जागेवर धरायला साधी व्हॅसलीन लाव. आणि चालू झाल्यावर ऑइल कमी होतंय म्हणून घाबरू नको, ह्या इंजिनात एपेक्स सीलला ओलावा मिळावा म्हणून थोडं ऑइल मुद्दाम आत सोडलेलं असतं, ते जळणारच. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय ठेव.

प्रश्न: आमची होडी हर्णैला आहे. इंजिनच्या खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकतंय. सीझन चालू आहे, होडी बांधून ठेवणं परवडत नाही. बंदरावर एकजण म्हणाला भोक एम-सीलने बुजवून टाका, आणि सील काढून उलटं फिरवून घातलं की परत चालतं. खरं का?

उत्तर: नाखवा, भोक बुजवू नका, हात जोडून सांगतो. पंपाच्या शाफ्टवर दोन सीलं असतात, एक पाण्याच्या बाजूला आणि एक इंजिन ऑइलच्या बाजूला, आणि ते भोक मुद्दाम दोघांच्या मधे ठेवलेलं असतं. पाण्याचं सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडावं आणि तुम्हाला दिसावं एवढ्यासाठीच. ते बुजवलंत की खारं पाणी दुसऱ्या सीलवर चढणार आणि आज नाही उद्या ऑइलमध्ये जाणार, डिपस्टिकवर चहासारखं दुधी ऑइल दिसेल तोपर्यंत बेअरिंगांचं काम सुरू झालेलं असेल. आत्ताच एकदा डिपस्टिक काढून बघा. ऑइल स्वच्छ असेल तर घाबरायचं काही नाही, पण पुढच्या फेरीच्या आधी पंप उतरवा.

सील उलटं घालायचं तर मुळीच नाही. त्याची लिप म्हणजे शाफ्टला घासणारी रबरी धार आणि आतली गोल स्प्रिंग पाण्याच्या दाबाकडे तोंड करून असते, उलटं घातलं की दाबाने लिप शाफ्टवरून उचलली जाते. दोन्ही सीलं नवीन घ्या, मोठा खर्च नाही. पण नवीन घालायच्या आधी शाफ्ट पुसून उजेडात धरा. जिथे जुनी लिप घासायची तिथे बहुतेक वेळा बारीक चर पडलेली असते, नखाला लागते. नवीन सील त्याच चरीवर बसलं की आठ दिवसात परत ठिबक, मग लोक म्हणतात सील डुप्लिकेट निघालं. जागा असेल तर सील एक-दोन मिमी मागेपुढे बसवा म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येईल, मात्र ते भोक झाकलं जाणार नाही ते बघा. चर खोल असेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवून मिळते, नाहीतर शाफ्ट बदला. काही पंपांत लिपवालं सील नसतं, कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासणारं मेकॅनिकल सील असतं, तसं असेल तर जोडी पूर्ण बदला, एक जुनी एक नवी असं करू नका, त्या दोघी एकमेकींवरच घासून जमलेल्या असतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पंप खोलायचा तो तेव्हा. १ ऑगस्टच्या गडबडीत माझ्याकडे मिरकरवाड्यावर जी कामं येतात त्यातली बरीच दोन महिने होडी किनाऱ्यावर उभी असताना होण्यासारखी असतात. उतरवलात की रबरी इम्पेलरच्या पाकळ्या पण वाकवून बघा, मुळाशी भेग दिसली तर तो पण बदला.

प्रश्न: माझ्या बाईकच्या पुढच्या फोर्काचा ऑइल सील दर चार महिन्यांनी जाता. आता परत गळूक लागलो. मेकॅनिक म्हणता जुनोच साफ करून घालूया, तेवढेच पैसे वाचतले. घालू की नको? – मालवण

उत्तर: तुमचं घर किंवा रोजचा रस्ता समुद्राजवळचा असणार. फोर्कचा क्रोमचा पाईप जिथे सीलमधून वरखाली होतो तिथे चिंधीने पुसून नख फिरवा. खाऱ्या हवेने क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात, त्यांच्या कडा सीलची लिप रोज थोडी थोडी कापतात, मग जुनं घाला नाहीतर नवीन घाला, चार महिनेच. एखाददुसरा खड्डा असेल तर तेल लावलेल्या धारेच्या दगडाने कडा मोडून घ्या, जास्त असतील तर पाईपला परत क्रोम करून घ्या नाहीतर पाईप बदला आणि मगच नवीन सील घाला.

पण पाईप गुळगुळीत असेल तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं अगदी चूक नाही. बऱ्याचदा सील गेलेलंच नसतं, लिपखाली वाळूचा कण अडकलेला असतो. वरचं डस्ट सील हळूच वर सरकवा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या टोकाला छोटा आकडा करा, ती सील आणि पाईपच्या मधे घालून गोल फिरवून बाहेर ओढा, कण असेल तर बाहेर येतो. पुसा, फोर्क दहा-बारा वेळा दाबा, परत पुसा आणि दोन दिवस चालवून बघा. कोरडं राहिलं तर सील तसंच राहू द्या. ऑइल किती गळलंय त्याप्रमाणे फोर्कमध्ये भरून घ्या आणि ते पुढच्या डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर उडालेलं नाही ना ते त्याच दिवशी बघा.